१९८४ : दोन इमारती, दोन नोटिसा

एप्रिल १९८४ मध्ये मुंबई महापालिकेचे सभागृह रिकामे झाले. नगरसेवकांची मुदत संपली होती, निवडणूक पुढे गेली होती आणि राज्य सरकारने आयुक्त द. म. सुकथनकर यांनाच प्रशासक नेमून सगळा कारभार त्यांच्या हाती सोपवला होता. पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ना स्थायी समिती होती, ना महापौर. त्या वर्षात पालिकेतून दोन हुकूम निघाले. एक होता वॉर्डन रोडवरच्या, म्हणजे भुलाभाई देसाई मार्गावरच्या ‘प्रतिभा’ या छत्तीस मजली इमारतीबद्दल : वरचे आठ मजले बेकायदा आहेत, पाडा. दुसरा होता वरळीत कॅम्पा कोलाच्या आवारात चाललेल्या बांधकामाबद्दल : नकाशाला मंजुरी नाही, काम थांबवा.

पहिल्या हुकमानंतर मजले उतरले. दुसऱ्यानंतर ते चढत गेले.

महापालिका एक, कायदा एक, सालही एकच. तरी एका इमारतीत कुणी कधी राहायला आले नाही आणि दुसरीत शंभराच्या आसपास कुटुंबांनी संसार थाटले. तीस वर्षांनी त्यांच्या फाटकावर जेसीबी उभा राहिला तो या फरकामुळे. तेव्हा सगळा देश टीव्हीवर रहिवाशांचे रडणे पाहत होता. पण ती गोष्ट कशी घडली हे समजून घ्यायचे तर त्या दिवशीच्या फाटकापाशी उभे राहून भागत नाही, थेट १९८४ पर्यंत मागे जावे लागते. पाडकामाचा दिवस सर्वांना दिसतो. ज्या दिवशी काम थांबवता आले असते आणि थांबवले गेले नाही, तो दिवस कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६४ मध्ये तयार झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मंजूर झाला. त्याच्याबरोबर शहरात एफएसआयचा, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाचा, नियम आला. बेटावरच्या मुंबईत निवासी बांधकामासाठी तो साधारण १.३३ होता. भूखंड दहा हजार चौरस फुटांचा असेल तर सगळे मजले मिळून तेरा हजार तीनशे चौरस फूट बांधा, त्यापुढे नाही. हा आकडा मनाला येईल तसा ठरवलेला नव्हता. एका भूखंडावर किती माणसे राहणार यावर तानसा-वैतरणेचे किती पाणी तिकडे न्यायचे हे ठरते, मैला वाहून नेणाऱ्या नळांवर किती भार पडेल हे ठरते. शेजारच्या चाळीतल्या खोलीत ऊन शिरेल की नाही, आग लागली तर बंबाला इमारतीभोवती फिरायला जागा उरेल की नाही, हेही त्यातच येते. म्हणून नकाशा पालिकेकडे जातो. आधी आयओडी, म्हणजे अटी घालून दिलेली प्राथमिक संमती, मिळते, मग प्रारंभ प्रमाणपत्र, आणि सगळे काम नकाशाबरहुकूम झाले आहे हे तपासल्यावर शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळाल्याशिवाय इमारतीत राहायला जाता येत नाही, हे १८८८च्या महापालिका कायद्यातच लिहिलेले आहे.

कायद्यात हत्यारांचीही वाण नव्हती. कलम ३५४ अ खाली आयुक्त चालू काम थांबवू शकत होते आणि बांधणाऱ्याने ऐकले नाही तर पोलिसांच्या मदतीने त्याची माणसे जागेवरून हटवू शकत होते. कलम ३५१ खाली झालेले बांधकाम पाडता येत होते. शिवाय १९६६चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, तो होताच. पण झालेले बांधकाम पाडायचे तर आधी नोटीस द्यावी लागते, खुलासा मागवावा लागतो, सुनावणी घ्यावी लागते. आणि तेवढ्या मुदतीत मजला चढवता येतो.

फुटपाथवरच्या माणसासाठी मात्र महापालिका कायद्यातच कलम ३१४ होते. त्यात आयुक्तांना नोटीस न देताच झोपडी हटवता येत होती. १३ जुलै १९८१ रोजी, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना मुंबईतून काढून त्यांच्या गावी परत पाठवले जाईल. त्यानंतर दहा दिवसांत पालिकेच्या माणसांनी तमिळनाडूतल्या सेलमहून पोटासाठी आलेल्या एका मजुराचे खोपटे मोडले आणि त्या कुटुंबाला सेलमच्या वाटेवर बसमध्ये बसवून दिले. ओल्गा टेलिस खटला म्हणून जे प्रकरण पुढे गाजले, त्याच्या निकालपत्रात ही नोंद आहे. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. फुटपाथ अडवण्याचा हक्क मात्र त्यांनी कुणाला दिला नाही.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. जी महापालिका दहा दिवसांत खोपट्यापर्यंत पोचत होती, तिला वरळीतल्या सात इमारतींपाशी पोचायला एकवीस वर्षे लागली.

त्या काळाची हवाही ध्यानात घ्यायला हवी. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, परवान्याशिवाय गोण मिळत नव्हती. बिल्डरांना सिमेंट देण्याच्या बदल्यात स्वतः स्थापलेल्या न्यासासाठी देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगावाचे भोंगे बंद पडत होते आणि दक्षिण मुंबईत जमिनीचा भाव चढत होता. समुद्राच्या बाजूला एकेक मजला वाढला की त्या मजल्याचा दर खालच्यापेक्षा जास्त. अशा वेळी मंजूर नकाशाच्या वर जाण्याचा मोह किती असेल, हे सांगायला नको.

‘प्रतिभा’ उभी राहिली ती याच हवेत. ही एक सहकारी गृहनिर्माण संस्था होती आणि इमारतीची जागा शहरातल्या सगळ्यात महागड्या रस्त्यांपैकी एकावर. छत्तीस मजले उभे राहिले, पण मंजूर एफएसआयपेक्षा चोवीस हजार चौरस फुटांहून जास्त बांधकाम झाल्याचे पालिकेला आढळले. १९८४च्या सुरुवातीला कारणे दाखवा नोटीस गेली. संस्थेचे म्हणणे ऐकून घेतल्यावर त्याच वर्षी हुकूम झाला. प्रत्येक मजल्याचे तीन हजार चौरस फूट धरून वरचे आठ मजले पाडावेत, म्हणजे जादा झालेले चोवीस हजार चौरस फूट भरून निघतील, असा साधा हिशेब त्यात होता.

संस्थेने राज्य सरकारकडे दाद मागितली. ऑक्टोबर १९८५ मध्ये सरकारने अपील फेटाळले आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयानेही याचिका फेटाळली. जानेवारी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला नकार दिला. दोन वर्षांच्या आत प्रकरण खालून वरपर्यंत जाऊन निकाली निघाले होते. आजच्या अनुभवाने पाहिले तर हा वेग थक्क करणारा वाटतो.

मग संस्थेने एक वेगळाच प्रस्ताव मांडला. इमारत वरून आडवी कापण्याऐवजी उभी कापा, म्हणजे प्रत्येक मजल्याची एक बाजू तोडून जादा चटई क्षेत्र कमी करा आणि उंची आहे तशी राहू द्या. कागदावर चौरस फुटांची बेरीज-वजाबाकी जुळत होती. पण छत्तीस मजली इमारतीचा एक काप वरपासून खालपर्यंत काढायचा म्हणजे काय करायचे, याचा विचार पालिकेच्या अभियंत्यांना करावा लागला. या चर्चेत आणि पुन्हा कोर्टाच्या फेऱ्यांत वर्षे गेली. नोव्हेंबर १९९० मध्ये आयुक्तांनी उभ्या कापाला नकार दिला. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, तोवर सहा मजले पूर्ण उतरले होते आणि सातव्याचाही काही भाग निघाला होता.

बहुमजली इमारतीचे मजले उतरवणे हे काम बांधण्याहून अवघड असते. आधी भिंती काढायच्या, मग स्लॅब फोडायचा, मग तुळया आणि खांब. सळया कापून वेगळ्या करायच्या आणि राडारोडा वरून खाली आणायचा. हे सारे करताना खालचे मजले हादरता कामा नयेत आणि रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात काही पडता कामा नये. वॉर्डन रोडवर हे झाले. श्रीमंत वस्तीत, रोजच्या रहदारीच्या कडेला पालिकेचा हातोडा छत्तिसाव्या मजल्यापासून खाली येत राहिला. १९९१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचा निर्णय उचलून धरला आणि बेकायदा बांधकाम कधीच फायद्याचे ठरत नाही हा धडा बिल्डरांनी यातून घ्यावा, असे स्पष्ट बजावले.

न्यायालयाची ती अपेक्षा होती. बिल्डरांनी कोणता धडा घेतला हे वरळीत दिसत होते. १९९१ मध्ये हा निकाल लागला तेव्हा कॅम्पा कोला आवारातल्या साती इमारती बांधून पूर्ण झाल्या होत्या.

तिथली जमीन मुळात महापालिकेचीच. १९५५च्या सुमारास पालिकेने ती ‘प्युअर ड्रिंक्स’ या कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. तेरा हजार चौरस मीटरांहून थोडी जास्त जागा, कारखान्यासाठी. ही कंपनी आधी कोका-कोला बाटल्यांत भरत असे. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली आणि कंपनीने स्वतःचे कॅम्पा कोला बाजारात आणले. त्या पेयाचेच नाव आवाराला चिकटले. १९८० मध्ये कंपनीने कारखान्याच्या जागेवर घरे बांधण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. बांधायचे काम तीन बिल्डरांकडे आले. मंजुरी होती तळमजला आणि वर पाच मजल्यांची.

बिल्डरांनी जास्त मजल्यांचे सुधारित नकाशे दाखल केले. पालिकेने ते नामंजूर केले, तरी काम चालूच राहिले. १२ नोव्हेंबर १९८४ रोजी पालिकेने कलम ३५४ अ ची नोटीस काढली : काम थांबवा.

या तारखेनंतरची पाच वर्षे हा या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे, आणि त्या पाच वर्षांवर सगळ्यात कमी लिहिले गेले आहे. स्लॅब काही अंधारात, कुणाला न कळता पडत नाही. आधी फळ्या आणि टेकू लावून सेंट्रिंग उभे राहते, मग सळयांची जाळी बांधली जाते, नंतर दिवसभर मिक्सर घरघरतो, आणि त्यावर पाणी मारत आठवडे काढावे लागतात. असा एकेक मजला रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधूनही दिसतो. १९८९ पर्यंत ‘मिडटाउन’ वीस मजले चढली, ‘ऑर्किड’ सतरा मजले आणि बाकीच्या इमारती सात-आठ मजल्यांच्या आसपास. वरळीचा हा भाग पालिकेच्या जी-दक्षिण विभागात येतो. विभागात इमारत व कारखाने खाते असते, कनिष्ठ अभियंता असतो, आपापल्या हद्दीत फिरणारा मुकादम असतो. बेकायदा बांधकामावर नजर ठेवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. नोटीस पालिकेनेच काढलेली होती, त्यामुळे माहिती नव्हती असे म्हणायलाही जागा नव्हती. पोलिसांना घेऊन जाऊन मजूर खाली उतरवायचा आणि मिक्सर जप्त करायचा अधिकार कलमातच होता. सहाव्या मजल्याच्या स्लॅबवर तो वापरला असता तर एकाही कुटुंबाचे काही बिघडले नसते.

तसे झाले नाही. फाइलमध्ये नोटीस होती, म्हणजे कागदोपत्री पालिकेने आपले काम केले होते.

मग घरे विकली गेली. अनेकांनी आयुष्यभराची पुंजी लावली. पालिकेची परवानगी येते आहे, दंड भरला की सगळे नियमित होते, असे बिल्डर सांगत. त्या काळच्या मुंबईत हे खरेही वाटण्यासारखे होते, कारण अनेक इमारतींच्या बाबतीत तसेच घडत होते. सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांची नोंदणी करून दिली. वीज आली. पालिकेने मालमत्ता कराची बिले पाठवली आणि लोकांनी ती भरली. घर कायदेशीर आहे की नाही हे कर आकारणाऱ्या खात्याला पाहायचे नसते, राहत्या घरावर कर लागतोच. भोगवटा प्रमाणपत्र तेवढे आले नाही, आणि त्यामुळे पालिकेचे पाणीही रीतसर मिळाले नाही. वरळीसारख्या ठिकाणी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, ही माणसे वर्षानुवर्षे टँकरवर जगली.

पाण्यानेच पुढे सगळे उघडे पडले. १९९९-२००० च्या सुमारास संस्था नळजोडणी आणि नियमितीकरण मागत न्यायालयात गेल्या. आवारातला एकूण एफएसआय संपलेलाच नाही, फक्त मजल्यांना मंजुरी नाही, तेव्हा दंड घेऊन नियमित करा, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ कंपनी मात्र उरलेल्या एफएसआयवर स्वतःचा हक्क सांगत होती. न्यायालयाने पालिकेला निर्णय घ्यायला सांगितले. पालिकेने फाइल उघडली तेव्हा आत १९८४ची नोटीस होती, नामंजूर नकाशे होते आणि पाच मजल्यांवरचे सगळे बांधकाम परवानगीशिवायचे होते. नोव्हेंबर २००५ मध्ये पालिकेने पाडकामाच्या नोटिसा काढल्या. पाणी मागायला गेलेल्यांच्या हाती घर सोडण्याचा कागद आला.

पुढची वाट ‘प्रतिभा’चीच होती, फक्त आता आत माणसे होती. शहर दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी आणि न्यायमूर्ती एस. जे. मुखोपाध्याय यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पैसेवाले आणि सत्तेचे पाठबळ असलेले लोक नियोजनाचे कायदे दशकानुदशके बिनदिक्कत मोडत आले आहेत, याबद्दल न्यायालयाने तीव्र शब्दांत नाराजी नोंदवली. मजल्यांना मंजुरी नाही हे घरे घेणाऱ्यांना ठाऊक होते, नुकसानभरपाई हवी असेल तर त्यांनी बिल्डरांकडे मागावी, असेही सांगितले. पस्तीस मजले बेकायदा ठरले.

या निकालाला सव्वा महिना होतो न होतो तोच, ४ एप्रिल २०१३ रोजी, ठाण्याजवळ शीळफाट्याला ‘लकी कंपाउंड’ नावाच्या आवारात सात मजली इमारत कोसळली. ७४ माणसे मेली. ही इमारत कुठल्याही परवानगीशिवाय, काही महिन्यांत, घाईघाईने उभी केलेली होती. वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आणून ठेवली होती. गरिबांची घरे, मजुरांची मुले. या प्रकरणात बिल्डरांबरोबर ठाणे महापालिकेचे अधिकारी, एक नगरसेवक आणि पोलीसही पकडले गेले. बांधकाम परवानगी हा निव्वळ कागद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या ढिगाऱ्याची छायाचित्रे पाहावीत. वरळीच्या इमारती पक्क्या होत्या, त्या पडल्या नाहीत. पण नियम मोडून चढणारा मजला पक्का आहे की कच्चा हे तपासायला कुणी गेलेलेच नसते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी होती.

कॅम्पा कोलाच्या रहिवाशांना न्यायालयाने मुदत दिली. ती नोव्हेंबर २०१३ मध्ये संपली आणि पालिकेचे पथक आवारात आले. १३ नोव्हेंबरच्या सकाळी फाटकाच्या आत रहिवासी हातात हात घालून उभे होते. म्हाताऱ्या बायका होत्या, शाळेतली मुले होती. बाहेर पोलीस होते आणि जेसीबी. जेसीबीने फाटक तोडले, पोलिसांनी माणसांना ओढून बाजूला केले आणि हे सगळे वाहिन्यांवर थेट दिसत होते. त्या दृश्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि दुपार व्हायच्या आत पाडकाम थांबवायला सांगितले. मुदत ३१ मे २०१४ पर्यंत वाढली. आवारातल्या मोकळ्या जागेवर नवी इमारत बांधून या कुटुंबांची सोय करता येईल का, हा मार्गही चाचपून पाहिला गेला. तो निघाला नाही.

जून २०१४ मध्ये न्यायालयाने आणखी मुदत नाकारली. पालिकेचे अधिकारी पुन्हा आले तेव्हा फाटकापाशी होमहवन चालू होते. दोन दिवस रहिवाशांनी त्यांना आत येऊ दिले नाही. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्याशी बोलणे झाल्यावर विरोध मावळला आणि २३ जूनला पालिकेच्या माणसांनी आत जाऊन बेकायदा मजल्यांची वीज, पाणी आणि गॅस तोडायला सुरुवात केली. त्यानंतरही अर्ज-विनंत्या आणि नियमितीकरणाचे प्रयत्न चालू राहिले. ते मजले ‘प्रतिभा’सारखे उतरले नाहीत.

यात रहिवाशांचा दोष नव्हता असे म्हणता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नाही हे शहाण्यासुरत्या माणसांना कळत होते आणि अशा घराची किंमत बाजारभावापेक्षा कमी का असते हेही कळत होते. तरी सगळ्यात मोठी जबाबदारी ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांचीच ठरते. बिल्डरांनी पैसे घेतले आणि ते निघून गेले. ज्यांनी पाच वर्षे चढते मजले पाहिले ते अधिकारी बढत्या घेऊन निवृत्त झाले. तीस वर्षांनी शिक्षा झाली ती तिथे राहणाऱ्यांना. २०१३च्या सकाळी जेसीबीसमोर उभ्या असलेल्या मुलांचा तर १९८४ मध्ये जन्मही झाला नव्हता.

सरकारने यातून काय घेतले? महाराष्ट्रात एक रीतच पडून गेली. बांधकाम वाढू द्यायचे, न्यायालयाने पाडायला सांगितले की त्याला वाचवणारा कायदा करायचा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवले गेले, त्यातून उल्हासनगर झाले. अपुरी जागा, वाढती कुटुंबे आणि बिल्डरांची हाव यांतून तिथे मंजुरीशिवाय इमारती उभ्या राहिल्या. जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ८५५ इमारतींवर कारवाईचे आदेश दिल्यावर २००६ मध्ये सरकारने एकट्या उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा कायदा केला. त्याचा फायदा थोड्याच इमारतींना झाला. अनेकांकडे जमिनीचे कागद नव्हते, बाकीच्यांना दंड परवडत नव्हता.

पिंपरी-चिंचवडची तऱ्हा वेगळी. २००८ मध्ये महापालिका कायद्यात बदल होऊन बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद आली. शेतकऱ्याने गुंठा-अर्धा गुंठा विकलेला, कारखान्यातल्या कामगाराने त्यावर दोन मजले चढवलेले, अशी हजारो घरे त्या जाळ्यात आली. शास्तीकराची थकबाकी वर्षागणिक फुगत गेली. प्रत्येक निवडणुकीत तो माफ करण्याचे आश्वासन दिले गेले आणि अखेर २०२३ मध्ये तो माफ झाला. ज्यांनी तो मुकाट्याने भरला होता त्यांना काय वाटले असेल?

नवी मुंबईतल्या दिघ्यात ९९ इमारतींवर उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला, तेव्हा सरकारने नियमितीकरणाचे धोरण न्यायालयापुढे ठेवले. न्यायालयाने ते फेटाळले. मग २०१७ मध्ये एमआरटीपी कायद्यातच कलम ५२ अ घालण्यात आले. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे ठरावीक अटींवर दंड भरून नियमित करण्याची सोय त्यातून झाली. अशा प्रत्येक कायद्यात एक शेवटची तारीख असते. पण अशी तारीख आजवर शेवटची ठरलेली नाही, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक असते, आणि पुढचा मजला तो त्याच भरवशावर चढवतो.

‘प्रतिभा’ मात्र रिकामीच राहिली. आठ मजल्यांचा निकाल लागला तरी उरलेल्या इमारतीचा वाद मिटला नाही. तीन दशकांहून अधिक काळ तिचा काँक्रीटचा सांगाडा वॉर्डन रोडवर उभा होता, आणि २०१९च्या सुमारास तोही पाडायला घेतला गेला. एका परीने हा शहराचा तोटाच होता. घरांची चणचण असलेल्या मुंबईत एवढी इमारत वाया गेली. तरी त्या आठ मजल्यांवरून एकाही कुटुंबाला ओढून बाहेर काढावे लागले नाही, कारण पालिकेने लोक राहायला येण्याआधी हात उगारला आणि तो मागे घेतला नाही.

वॉर्डन रोडपासून फार दूर नसलेल्या ताडदेवमध्ये ‘वेलिंग्डन व्ह्यू’ ही चौतीस मजली इमारत आहे. सतराव्या मजल्यापासून वरच्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र नव्हते आणि संपूर्ण इमारतीसाठी अग्निशमन दलाचा नाहरकत दाखलाही नव्हता. तरी तिथे वर्षानुवर्षे लोक राहत होते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वरच्या अठरा मजल्यांवरच्या रहिवाशांना घरे रिकामी करायला सांगितले आणि इतक्या काळात पालिकेने काय केले यावरही कठोर शब्दांत बोट ठेवले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही आणि रहिवाशांवर सामान बांधण्याची वेळ आली. हा भाग पालिकेच्या डी विभागात येतो. ‘प्रतिभा’ही त्याच विभागातली.